केसांची चौकशी

परवा सकाळी भंवरताल उद्यानात फिरत असताना एक गृहस्थ समोरून आले. चेहरा ओळखीचा होता, नाव मात्र आठवत नव्हते. मी स्मृतीतल्या जुन्या फायली चाळीत होतो, तोच त्यांनी मला नावाने हाक मारली, दोन पावले पुढे येऊन माझ्या मस्तकावर दृष्टी स्थिर केली आणि अत्यंत आत्मीयतेने विचारले, ''अहो, केस कुठे गेले?''

आमची ही भेट बारा वर्षांनी होत होती. या बारा वर्षांत माझ्या तीन बदल्या झाल्या, वडील वारले, मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. यांपैकी कशाचीही चौकशी त्यांना सुचली नाही. पहिला मान मिळाला तो केसांना. मी म्हणालो, ''सगळ्यांचे जातात तिथेच गेले.'' दोघेही हसलो आणि आपापल्या वाटेने चालू लागलो. परंतु उद्यानाची उरलेली फेरी पुरी होईपर्यंत माझा हात दोनतीनदा नकळत डोक्याकडे गेला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वस्तुतः केस गेले ही बातमी मला नवीन नव्हती. आरसा आमच्याही घरी आहे. मग या साध्या प्रश्नाने मन क्षणभर का होईना, पण चाळवले का? विचार करता असे वाटले की, माणसाच्या शरीरात केसांची जागा मोठी विलक्षण आहे. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून सर्वांनाच त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते. उलट ते ज्याच्या डोक्यावर असतात, किंवा नसतात, त्याला ती आपली खाजगी बाब वाटते. रक्तदाब किती, कर्ज किती, घरात भांडण होते का, हे विचारण्यापूर्वी सभ्य माणूस जरा अडखळतो. केसांविषयी विचारताना कोणीच अडखळत नाही. हवापाण्याच्या गप्पा असतात ना, त्याच सुरात ही चौकशी होते.

आपली भाषा मात्र या बाबतीत अधिक जाणती आहे. कोणाला जपले तर आपण म्हणतो, त्याच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. कोणी विश्वासघात केला तर त्याने केसाने गळा कापला. वडीलधारा माणूस रागावला म्हणजे बजावतो की, हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत. म्हणजे केसांमागे आयुष्य असते हे भाषेला पुरते ठाऊक आहे. विसरतो ते आपण. आणि उद्यानात भेटलेल्या माणसाला ''केस कुठे गेले'' असे विचारून मोकळे होतो.

शास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास हा सगळा जमाखर्चाचा मामला आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. रोज पन्नास ते शंभर केस खर्ची पडतात, तितकेच नवे जमेला येतात, आणि प्रत्येक केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ज्याच्या खात्यात खर्च चालू आणि जमा बंद, त्याला टक्कल पडते. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब सहज कळतो. पण हिशेब कळला म्हणून कोणी विचारले असता शांतपणे उत्तर देता येतेच असे नाही.

ही उत्तरे ऐकण्यासारखी असतात. आमच्या बदलीच्या नोकरीत सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे पाणी. ''शहडोलला होतो ना तीन वर्षं, तिथल्या पाण्यानं गेले.'' शहडोलचा माणूस सांगतो, बालाघाटच्या पाण्याने गेले. आणि बालाघाटहून आलेला निर्धास्तपणे जबलपूरच्या पाण्यावर खापर फोडतो. या सर्व गावांत दाट केसांची माणसे तेच पाणी पीत असतात, याकडे कोणी लक्ष वेधीत नाही. वडिलांनाही टक्कल होते, त्यांच्या वडिलांनाही होते, असे म्हणण्यापेक्षा पाण्याला दोष देणे सोपे असते. पाणी काही उलट बोलत नाही.

दुसरा वर्ग विनोद करणारांचा. माझ्या परिचयाचे एक वकील आहेत. १९५६ साली येथे उच्च न्यायालय आले तेव्हापासून जबलपुरात वकिलांना तोटा नाही, तेव्हा त्यांची ओळख एवढ्यावरून कोणाला पटणार नाही. त्यांना कोणी केसांविषयी विचारले की ते म्हणतात, ''पक्षकार घेऊन गेले. फी राहिली होती, ती मात्र देऊन गेले नाहीत.'' सभा हसते. पण हे उत्तर मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते एका श्वासात येते. ज्याचे उत्तर इतके तयार असते, त्याला तो प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

कलपाची गोष्ट तर याहून नाजूक. ''कलप लावता का?'' या प्रश्नाला सरळ ''होय'' म्हणणारा पुरुष मी अद्याप पाहिलेला नाही. ''मेंदी लावतो, डोकं थंड राहतं,'' हे त्याचे सर्वमान्य उत्तर. जबलपूरचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना डोके थंड ठेवण्याची निकड समजते. तथापि ही थंडाई डिसेंबरातही चालू असते, तेव्हा विचारणाराने पुढचा प्रश्न गिळावा हेच बरे.

स्त्रियांची रीत निराळी. एखादीच्या शेपट्याचे कोणी कौतुक केले आणि ''कोणतं तेल लावतेस ग?'' असे विचारले, तर ती चटकन म्हणते, ''अग, आता कुठे राहिलेत! निम्मे गळाले. पूर्वी पाहायला हवे होतेस.'' यात विनय आहे, आणि दृष्ट लागण्याची जुनी भीतीही आहे. माझी आई हे असे बोलत असे आणि बोलता बोलता वेणीचे टोक पदराआड घेत असे. तिच्या तेलाची कृती, म्हणजे खोबरेलात माक्याचा रस आटवून केलेले तेल, तिने शेजारणींना मोकळेपणी सांगितली. पण केस चांगले आहेत हे तिने कधी कबूल केले नाही.

ही सारी केवळ आपल्याकडची तऱ्हा आहे असेही नाही. अमेरिकेत कृष्णवर्णी स्त्रियांना त्यांच्या कुरळ्या, दाट केसांविषयी कार्यालयात, दुकानात, रस्त्यात इतके प्रश्न विचारले जातात, आणि अनोळखी माणसे ''हात लावून पाहू का?'' म्हणून इतक्या सहजपणे पुढे होतात, की त्या केसांमागचा अपमान हा तेथे सार्वजनिक प्रश्न होऊन बसला. नैसर्गिक केस किंवा परंपरेच्या वेण्या ठेवल्या म्हणून कोणाला नोकरीत वा शाळेत वेगळी वागणूक देऊ नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केला. नंतर इतर अनेक राज्यांनी तो उचलला. कुतूहल वाढत वाढत कायद्याच्या दारापर्यंत कसे जाते, याचे हे उदाहरण आहे.

केसांच्या बाबतीत आपल्याकडे एकच अवस्था अशी आहे की जिच्याविषयी ''काय झालं?'' असे कोणी विचारीत नाही. ती म्हणजे मुंडण. माझे वडील गेले तेव्हा ग्वारीघाटावर नर्मदेच्या काठी मी केस उतरविले. चौदाव्या दिवशी कार्यालयात गेलो. फाटकावरचा शिपाई उभा राहिला, माझ्या डोक्याकडे एकवार पाहून त्याने हलक्या आवाजात विचारले, ''साहब, कौन शांत हुए?'' आमच्या या प्रदेशात माणूस मेला असे म्हणत नाहीत. शांत झाला म्हणतात. ''पिताजी,'' मी म्हणालो. त्याने हात जोडले. त्या दिवशी दहाबारा जणांनी मला हाच प्रश्न विचारला आणि एकदाही तो मला खुपला नाही. कारण त्या प्रश्नात केस नव्हतेच. विचारणाराची दृष्टी डोक्यावर पडली, पण तेथे न थांबता ती माणसापर्यंत पोहोचली होती.

याला एक गंमतीची बाजूही आहे. आमचे एक सहकारी सहकुटुंब तिरुपतीला जाऊन, नवस फेडून परतले. पहिल्याच दिवशी अर्धे कार्यालय गंभीर चेहऱ्याने त्यांच्या टेबलाशी येऊन गेले. बिचारे सकाळपासून सांगत होते, ''सगळे सुखरूप आहेत, हा प्रसाद घ्या.'' संध्याकाळी त्यांनी टोपी विकत घेतली.

येथवर जे सांगितले ते हसण्यावारी नेण्यासारखे आहे. आता जे सांगणार आहे ते तसे नाही, आणि त्यात दोष माझा आहे.

माझ्याबरोबर एक बाई काम करीत असत. कार्यालयात मराठी बोलणारी आम्ही दोघेच. एरवी सर्व व्यवहार हिंदीत. पण चहाच्या वेळी चार वाक्ये मराठीत बोलून घ्यावीत, अशी आमची वहिवाट होती. त्या काळात त्या दोन महिने रजेवर होत्या. रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' एवढेच लिहिलेले होते आणि तो अर्ज मीच मंजूर केलेला होता. परत आल्या त्या डोक्याला ओढणी घट्ट बांधून. जबलपुरात उन्हाळ्यात स्कूटरवरून जाणाऱ्या मुलीबाळी डोळे सोडून सारा चेहराच ओढणीत गुंडाळतात. त्यामुळे पहिले काही दिवस त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही. एके दिवशी पंख्याच्या वाऱ्याने ओढणी सरकली. आत अगदी आखूड, मुलासारखे केस दिसले. मी आपला मोठ्या रसिकतेने म्हणालो, ''अरे वा! केस कापलेत वाटतं? छान दिसतात. हल्ली हीच पद्धत आहे का?''

त्यांनी ओढणी सारखी केली. मग माझ्याकडे न पाहता, समोरच्या कागदाकडे पाहत म्हणाल्या, ''कापले नाहीत, साहेब. गेले.''

काय झाले असावे ते मला त्या एका शब्दात कळले. कर्करोगावरील काही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. केसांच्या मुळांतील पेशीही झपाट्याने वाढणाऱ्या असल्यामुळे शत्रूबरोबर त्याही मारल्या जातात. औषध सुरू झाल्यावर दोनचार आठवड्यांत केस जाऊ लागतात. उपचार संपल्यावर ते बहुधा परत येतात. हे सारे मी कोठेतरी वाचलेले होते. वाचलेले होते, पण समोर दिसले तेव्हा मला केशभूषा दिसली. ''क्षमा करा'' एवढे शब्दही मला त्या वेळी नीट उच्चारता आले नाहीत.

ही गोष्ट मी त्याच दिवशी दोघातिघांना सांगितली. हेतू चांगला होता. माझ्यासारखी चूक दुसऱ्या कोणी करू नये. झाले असे की, दुसऱ्या दिवसापासून साऱ्या कार्यालयाने त्यांना केसांविषयी काय, कशाविषयीच काही विचारायचे सोडले. त्या आल्या की बोलणी थांबत. कोणी त्यांच्याकडे काम पाठवीना. डबा खाताना शेजारची खुर्ची रिकामी राही. यालाच आम्ही सर्व जण सभ्यपणा समजत होतो. आणि मी तर मनाशी निश्चयच केला होता की, यापुढे कोणाच्याही केसांविषयी, प्रकृतीविषयी, दिसण्याविषयी एक शब्द काढायचा नाही.

तीन महिन्यांनी केस बोटाच्या पेरभर वाढले. पूर्वी सरळ होते, ते आता कुरळे येत होते. एक दिवस चहाच्या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, ''साहेब, तुम्ही त्या दिवशी विचारलंत ते मला लागलं, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर कुणी काहीच विचारलं नाही, ते जास्त लागलं. मी घरी जाऊन यजमानांना म्हटलं, ऑफिसात मी आहे की नाही, तेच कळेनासं झालंय.''

मी गप्प राहिलो. मग विचारले, ''आता कसं आहे?''

त्या बोलू लागल्या. किती वेळ बोलल्या ते मी घड्याळात पाहिले नाही. उशीवर सकाळी सापडलेला पहिला पुंजका, धाकट्या मुलाने तो कागदाच्या पुडीत जपून ठेवणे, शेवटी यजमानांनी घरीच यंत्र आणून उरलेले केस स्वतःच्या हाताने काढणे, हे सर्व त्यांनी सांगितले. चहा निवून गेला. उठताना त्यांनी ओढणी सोडली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

त्या रात्री मला आमच्या मोठ्या आजीची आठवण झाली. मोठी आजी म्हणजे माझी पणजी. आमचे घराणे मूळचे सागरचे. १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले तेव्हापासून या भागात मराठी वस्ती आहे. पुढे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना नोकरीच्या निमित्ताने तीत आणखी भर पडली. माझे आजोबा असेच नोकरीसाठी जबलपूरला आले आणि विधवा आईला बरोबर घेऊन आले. मी तिला पाहिले तेव्हा तिचे वय ऐंशीच्या पलीकडे होते. तांबडे लुगडे, त्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. महिन्यातून दोनदा मागच्या पडवीत एक म्हातारा न्हावी येई. त्या वेळी आम्हा मुलांना मागच्या बाजूला जाण्याची मनाई असे.

मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा तिचा पदर मागे घसरला. मी विचारले, ''मोठ्या आजी, तुझे केस कुठे गेले ग?''

आई स्वयंपाकघरातून धावत आली. मला दंडाला धरून ओढू लागली. मोठ्या आजीने तिचा हात बाजूला केला. म्हणाली, ''विचारू दे त्याला. साठ वर्षांत कुणी विचारलं नाही.'' मग तिने मला जवळ बसविले आणि सांगितले की ते केस नर्मदेत सोडले. ''किती मोठे होते?'' मी विचारले. तिने बसल्या बसल्या आपल्या गुडघ्याला हात लावून दाखविला. सतरा वर्षांची होईपर्यंत तिची आई दर रविवारी तिला शिकेकाईने न्हाऊ घालीत असे, धूप देऊन केस वाळवीत असे. आणि श्रावणात अंबाड्यावर केवडा घालून ती मंगळागौर पूजायला जात असे. हे सांगताना ती हसत होती. त्या वयात मला एवढेच कळले की आजीला ही गोष्ट सांगायला आवडते. आई पडवीच्या दाराशी पाठ करून का उभी होती, ते पुष्कळ वर्षांनी उमगले.

मोठ्या आजीच्या त्या साठ वर्षांचा मी आज विचार करतो, तेव्हा तिच्या आधीच्या काळातील काही गोष्टी डोळ्यांपुढे येतात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या मस्तकावर आपण वस्तरा चालविणार नाही, असा निर्धार तिने केला. शास्त्री, पंडित, सुधारक आणि सनातनी यांचा वाद वर्तमानपत्रांतून चाललाच होता. पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्याने, समोर मान खाली घालून बसलेल्या मुलीकडे पाहून, आपण हे काय करतो आहोत, असे स्वतःला विचारले. केसांविषयी इतका खरा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल.

त्याच सुमारास हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील यमू आपली हकीकत आपणच सांगते. आणि वैधव्यानंतर तिच्या मनाविरुद्ध तिचे वपन करविले जाते. त्या ग्रंथाचे नाव म्हणजे एक प्रश्नच आहे. आणि आमच्या मागच्या पडवीला तो शंभर वर्षांनीही लागू पडत होता. न्हावी ठरल्या दिवशी येई, मुलांना दूर नेले जाई, आणि लक्षात कोणीच घेत नसे. घरात तिला मान होता, दूधभात वेळेवर मिळे, औषधपाणी होई. कमी होते ते एवढेच की, तुला काय वाटले, असे तिला कोणी विचारीत नसे.

महर्षी कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट वेगळी. लहान वयात वैधव्य आलेल्या या बाईंनी हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी गोळा केला. पुढे त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. वपनाची रूढी त्यांनी स्वतः बरीच वर्षे पाळली आणि मग विचारपूर्वक सोडून दिली. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या या प्रवासाची कथा सांगितली आहे. हा निर्णय किती धैर्याचा असला पाहिजे, हे वर सांगितलेल्या हिशेबावरून ध्यानात यावे. इतर सुधारणा माणूस एका दिवसात करून मोकळा होतो. केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे केस वाढू देणाऱ्या विधवेला तिच्या निर्णयाचा जाब रोज, प्रत्येक दारात, महिनोन् महिने द्यावा लागत असणार. चारचौघींत पदर डोक्यावर असला तरी खालची बट बोलायची ती बोलतेच.

मोठ्या आजीला हे धैर्य लाभले नाही. तिच्या भोवती ते कोणी उभे केले नाही. म्हणून तिचे उत्तर साठ वर्षे तिच्यापाशीच राहिले, आणि एका अजाण पोराने विचारले तेव्हा बाहेर आले.

आता कोणी म्हणेल, मग करावे तरी काय? विचारले तर लागते, न विचारले तर अधिक लागते. मलाही काही दिवस हे कोडे वाटत होते. परंतु हे तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा त्यांतील फरक दिसू लागला. सहकारी बाईंना मी पहिल्यांदा जे विचारले ते उत्तरासाठी नव्हतेच. मला माझी रसिकता दाखवायची होती. उत्तर ऐकायला मी थांबणारही नव्हतो. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा मला ऐकायचे होते. पोरवयात मोठ्या आजीला विचारले तेव्हाही मला खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि ती सांगेल तितका वेळ मी तिच्यापुढे मांडी घालून बसलो होतो. विषय दोन्हीकडे एकच. फरक होता तो पुढे बसून राहण्याचा. ज्याला उत्तर ऐकायला सवड आहे त्याने जरूर विचारावे. आणि सवड नसेल तर पावसापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात. त्यासाठी तर ईश्वराने पाऊसपाणी निर्माण केले आहे.

आणखी एक गोष्ट. उत्तर न देण्याचा हक्कही ज्याचे केस आहेत त्याच्याकडे राहू द्यावा. माझा न्हावी या बाबतीत माझा गुरू आहे. माझ्या टाळूवरचे केस विरळ होऊ लागल्याचे प्रथम त्याच्या ध्यानात आले असणार. मला ते दोन वर्षांनी समजले. त्या दोन वर्षांत तो त्याविषयी अवाक्षर बोलला नाही. बाजूचे केस थोडे अधिक बारीक करून वरचे झाकले जातील अशी सोय तो गुपचूप करीत होता. शेवटी मीच म्हणालो, ''भैया, ऊपर के कम हो रहे हैं न?'' तेव्हा तो कात्री थांबवून आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, ''हाँ साहब. अब आप कहें, तो वैसा काटें.'' त्या दिवसापासून तो वेगळ्या पद्धतीने केस कापतो. मी बोलेपर्यंत त्याने वाट पाहिली होती.

त्या उद्यानातील गृहस्थांविषयी सांगायचे राहिले. आठवड्यानंतर ते मला भंवरतालला पुन्हा भेटले. या वेळी त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहून तोंड उघडण्यापूर्वीच मी म्हणालो, ''बसा ना जरा. बारा वर्षांत काय काय झालं, सांगा.''

ते बाकावर बसले. मुलगा पुण्याला असतो. पत्नी दोन वर्षांपूर्वी शांत झाल्या. घरात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बोलायला कोणी नाही. म्हणून ते रोज बागेत येतात आणि ओळखीचा चेहरा शोधतात. ''कोणी भेटलं की काहीतरी बोलून सुरुवात करावी लागते,'' ते म्हणाले, ''त्या दिवशी तुम्हाला पाहिलं आणि तोंडातून केसांचंच निघून गेलं. राग तर नाही ना आला?''

मी नाही म्हणालो. आम्ही ऊन वर येईपर्यंत बाकावर बसलो होतो. निघताना लक्षात आले की, त्यांच्याही डोक्यावर फारसे केस उरले नव्हते. पहिल्या भेटीत ते मी पाहिलेही नव्हते. ते कुठे गेले, हे मी त्यांना विचारले नाही. उद्या सकाळी पुन्हा भेटायचे ठरले आहे.